अल्पबाष्पशील पदार्थांच्या बाष्पदाबाचे मापन

बंद पात्रात एखादा द्रव वा स्थायू पदार्थ आणि त्याचे बाष्प समतोलात असताना बाष्पाने दिलेल्या दाबास त्या पदार्थाचा बाष्पदाब म्हणतात. २५° से. तापमानाला पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३,१६९ पास्कल असतो. लातूर-नांदेड भागात सोयाबीनच्या पेरणीनंतर, उगवणीपूर्वी वापरल्या जाणाऱ्या पेंडिमेथॅलिन या तणनाशकाचा बाष्पदाब त्याच तापमानाला अवघा ०.००२ ते ०.००४ पास्कल नोंदलेला आढळतो. पाऱ्याच्या दाबमापकाने तो मोजता येत नाही. पाऱ्याचा स्वतःचाच बाष्पदाब सुमारे ०.२५ पास्कल असतो. म्हणून अशा पदार्थांच्या बाबतीत दाब थेट न मोजता उडून गेलेले वस्तुमान मोजतात.

मापनाच्या पद्धती

डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन नुडसेन यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पदार्थ एका लहान कुपीत ठेवतात. कुपीच्या पातळ झाकणास सूक्ष्म छिद्र असते व ती निर्वात कक्षात स्थिर तापमानाला ठेवतात. ठरावीक काळात घटलेले वजन, छिद्राचे क्षेत्रफळ, तापमान आणि रेणुभार यांवरून दाब काढतात. छिद्राचा व्यास १ मिलिमीटर व दाब ०.००३ पास्कल असल्यास पेंडिमेथॅलिनचे वजन दिवसाला जेमतेम ०.९ मिलिग्रॅमने घटेल.

याहून कमी दाबांसाठी वायुसंतृप्ती पद्धत अधिक सोयीची ठरते. नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू पदार्थावरून संथपणे वाहवतात, त्यातील बाष्प शोषकावर अडवतात आणि वायुवर्णलेखनाने त्याचे प्रमाण ठरवतात. वरील उदाहरणात एक घनमीटर संतृप्त वायूत सुमारे ०.३४ मिलिग्रॅम पदार्थ असेल. प्रवाहाचा वेग बदलूनही उत्तर तेच आले, तरच वायू खरोखर संतृप्त झाला असे मानतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या चाचणी मार्गदर्शिका क्र. १०४ मध्ये या दोन्ही पद्धतींचा समावेश आहे.

त्रुटींचे स्रोत

नमुन्यातील अधिक बाष्पशील अशुद्धी आधी उडून जाते व दाब फुगवून दाखवते. त्यामुळे वजन घटण्याचा वेग स्थिर होईपर्यंतची मापने सोडून द्यावी लागतात. दुसरी चूक अधिक फसवी आहे. मापन सोपे व्हावे म्हणून पदार्थ तापवतात आणि मिळालेली रेषा खाली २५ अंशांपर्यंत वाढवतात. पेंडिमेथॅलिन मात्र ५५ अंशांच्या आसपास वितळते. त्यावरील मापने द्रवाची असतात आणि ती तशीच खाली ओढल्यास स्थायूचा बाष्पदाब वाजवीपेक्षा जास्त येतो.

शेतातील अर्थ

कोष्टकांतील मूल्ये बहुधा २० किंवा २५ अंशांची असतात. मराठवाड्यात पावसाने ओढ दिली की जूनच्या उन्हात काळ्या मातीचा पृष्ठभाग हवेपेक्षाही अधिक तापतो. बाष्पीभवनाची उष्णता प्रति मोल ९० किलोज्यूल धरल्यास, तापमान २५ वरून ४२ अंशांवर गेल्यावर क्लॉसियस-क्लेपेरॉन समीकरणानुसार बाष्पदाब सुमारे सातपट होतो. तरीही केवळ त्यावरून शेतातील ऱ्हास सांगता येत नाही. कोरड्या चिकणमातीचे कण तणनाशकाचे रेणू घट्ट धरून ठेवतात; माती ओलावली की पाणी त्यांची जागा घेते आणि रेणू मोकळे होतात. पाठीवरच्या पंपाने फवारणी करणाऱ्याच्या श्वासात व त्वचेवर त्या वेळी जातात ते मुख्यतः तुषार, बाष्प नव्हे. त्यामुळे कमी बाष्पदाबाचे औषध फवारताना तोंडावर मुसके नको, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.