ताण, हार्मोन आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या : आधी तपासणी, मग गोळी

वाशी-नेरुळच्या मेडिकलमध्ये ‘ताकदीच्या’ व्हिटॅमिन गोळ्या सहज मिळतात. थकवा आला, नवरा-बायकोतली ओढ कमी झाली, की लाजेपोटी डॉक्टरांकडे न जाता आपण त्याच घेतो.

शरीरात कमतरता असेल तरच त्यांचा खरा फायदा होतो. बी-१२ कमी असलं की थकवा, चिडचिड, हातापायाला मुंग्या येतात. शुगरसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे जास्त दिसतं. झिंकची मोठी कमतरता पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटवते. पण कमतरता नसताना जादा गोळ्या घेऊन कामेच्छा वाढत नाही.

डीची ६०,००० युनिटची गोळी साधारणपणे आठवड्यातून एकदाच देतात. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला धोका होतो. केसांसाठीच्या बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो, म्हणून रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातडीपासूनचं असतं. हलालबद्दल शंका असेल तर साधी गोळी किंवा शाकाहारी कॅप्सूल मागा.

कामेच्छा कमी होण्यामागे शुगर, थायरॉईड, बीपीची काही औषधं, अपुरी झोपही असू शकते. आजार सांगण्यात शरम कसली? दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा, असं आम्ही सुचवतो.