राज्य कामगार विमा कायदा आणि लहान मालक : देवगाव फाट्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

भारतातील आरोग्यविम्याच्या कायद्याचा इतिहास बहुधा कामगाराच्या हक्काचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ह्या कायद्याने मालकवर्गातही एक रेषा आखली. रेषेच्या आतील मालक वर्गणी भरू लागला. बाहेरील मालक तिच्यातून सुटला. ही सूट लहान मालकाच्या हिताची होती काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचा विचार मुंबईच्या गिरणगावातून करण्यापेक्षा परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणावरून करणे अधिक बोधप्रद ठरेल. मंठ्याकडून येणारा रस्ता येथे जिंतूरकडे आणि सेलू-पाथरीकडे फुटतो. अशा फाट्यांवरील व्यवसाय रहदारीवर आणि आसपासच्या शेतीवर चालतो. उपाहारगृह, वाहनदुरुस्ती, खते-बियाण्यांचे दुकान ह्यांत मालकाच्या हाताखाली दोनचार माणसे असतात. मुलूख कापसाचा असल्याने मोठा कारखाना म्हणजे सरकी काढण्याचा व गाठी बांधण्याचा, आणि तोही हंगामापुरता.

विम्याच्या कल्पनेपूर्वी कायद्याचे तत्त्व मालकाच्या प्रत्यक्ष जबाबदारीचे होते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावरील अपघाताची भरपाई ज्याच्या त्या मालकावर टाकली, आणि मुंबई इलाख्याच्या १९२९ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणाच्या रजेचा भत्ता त्याच्याकडे सोपविला. ह्या दुसऱ्या विधेयकावर १९२८ साली मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी त्याला पाठिंबा दिला. मात्र हा भार मुख्यतः सरकारने उचलावयास हवा, हेही त्यांनी मान्य केले होते. प्रत्यक्ष जबाबदारीच्या पद्धतीतील उणीव उघड आहे. शेकडो कामगारांच्या गिरणीत एखादा अपघात हा वार्षिक खर्चातील एक बाब ठरतो. चार माणसांच्या कार्यशाळेत तोच अपघात धंदा बुडवू शकतो. अनेक मालकांची जोखीम एकत्र करून ती लहानशा नियमित वर्गणीत वाटून देणे हे विम्याचे मर्म होय. म्हणून तत्त्वतः विम्याची निकड मोठ्या मालकापेक्षा लहान मालकालाच अधिक असते.

कायद्याची घडण मात्र उलट दिशेने झाली. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. आदारकर ह्यांच्याकडे सोपविण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. १९४४ च्या आपल्या अहवालात आदारकरांनी कापड, यंत्रकाम आणि खनिजे व धातू ह्या तीन उद्योगसमूहांतील बारमाही कारखान्यांपुरतीच योजना सुचविली. नोंदी ठेवणे, वर्गणी वसूल करणे आणि दवाखाने चालविणे जेथे शक्य आहे तेथून प्रारंभ करावा, हा त्यामागील विचार व्यवहार्य होता. १९४८ च्या कायद्याने उद्योगसमूहांचे बंधन काढले. पण यंत्रशक्ती वापरणारा, वीस किंवा अधिक माणसे असलेला आणि हंगामी नसलेला कारखाना, ही चौकट ठेवली. हंगामी कारखान्यांत सरकी काढणे, कापसाच्या गाठी बांधणे, भुईमूग फोडणे, साखर व गूळ करणे ह्या धंद्यांचा समावेश होता. मराठवाड्यातील कारखानदारीचा बराच मोठा भाग अशा रीतीने एका व्याख्येनेच योजनेबाहेर राहिला.

ह्यांखेरीज चौथी रेषा प्रदेशाची होती. योजना सर्वत्र एकाच वेळी लागू न होता क्षेत्र जाहीर होईल तसतशी पसरणार होती. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे तिचा प्रारंभ झाला, आणि १९५४ साली ती नागपूर व मुंबई येथे आली. प्रारंभापूर्वीच मालकांनी एक रास्त हरकत घेतली होती. आपल्या मालावर वर्गणीचा बोजा पडेल आणि इतर शहरांतील प्रतिस्पर्धी त्यातून मोकळे राहतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर उपाय म्हणून १९५१ च्या दुरुस्तीने मालकांची विशेष वर्गणी आणली. योजना लागू झालेल्या क्षेत्रात एकूण वेतनाच्या सव्वा टक्का, तर अन्यत्र पाऊण टक्का, असे तिचे दर होते. म्हणजे ज्या गावी विम्याचा दवाखाना नव्हता तेथील पात्र कारखानदारही काही काळ पैसे भरत होता. स्पर्धेतील समता साधली, पण भरणारा मालक व लाभ घेणारा कामगार ह्यांतील दुवा तेवढ्यापुरता तुटला.

पुढील दुरुस्त्यांनी रेषा हळूहळू खाली आणली. १९८९ च्या दुरुस्तीने यंत्रशक्तीच्या कारखान्यांसाठी वीसची मर्यादा दहावर आली, आणि २०१० साली यंत्रशक्तीचा भेदही गेला. दुकाने, उपाहारगृहे व वाहतूक ह्यांना योजना लागू करण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे होता. महाराष्ट्रात अशा आस्थापनांसाठी वीसची मर्यादा बहुतेक राज्यांपेक्षा अधिक काळ टिकली. वर्गणीचे दर १९९७ साली मालकाचे पावणेपाच व कामगाराचे पावणेदोन टक्के होते. जुलै २०१९ पासून ते अनुक्रमे सव्वातीन व पाऊण टक्का झाले.

दरापेक्षाही लहान मालकाला जाचक वाटल्या त्या दोन तरतुदी. पहिली अशी की दोन्ही वर्गण्या मालकाने प्रथम भरावयाच्या आणि कामगाराचा हिस्सा वेतनातून कापून घ्यावयाचा. स्वतंत्र हिशेबनीस नसलेल्या धंद्यात ह्या कामाचा भार मालकावरच येतो. दुसरी १९८९ ची. एकदा कायदा लागू झाला की माणसे दहाहून कमी झाली तरी तो लागूच राहतो. पळवाट बुजविणे हा तिचा हेतू. पण त्यामुळे दहावा माणूस ठेवण्याचा निर्णय कायमचा ठरतो, आणि नऊवर थांबण्याचा मोह वाढतो. माणसे कंत्राटदाराची दाखवून संख्या कमी ठेवण्याचा मार्गही न्यायालयाने अरुंद केला. हैदराबादच्या रॉयल टॉकीज प्रकरणात चित्रपटगृहातील उपाहारगृह व सायकलतळ कंत्राटदार चालवीत असूनही तेथील कामगारांची जबाबदारी चित्रपटगृहाच्या मालकावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिला.

ह्या सर्व इतिहासात देवगाव फाट्यावरील लहान दुकानदार वा कारागीर-मालक संख्येने रेषेबाहेर, आणि सरकी काढण्याच्या कारखान्याचा मालक हंगामामुळे बाहेर. पण बाहेर राहिल्याने जोखीम नाहीशी झाली नाही. विमा लागू असलेल्या मालकाला १९४८ च्या कायद्याने अपघाताच्या भरपाईच्या वैयक्तिक दायित्वातून मुक्त केले. जिनिंगच्या यंत्रात ज्याच्या कामगाराचा हात सापडला त्या मालकावर मात्र १९२३ चे दायित्व पूर्वीसारखेच राहिले. आजारपणाबाबत तर कायदाच नव्हता. तेथे मालकाने दिलेली उचल हाच कामगाराचा आधार, आणि ती फेडण्यासाठी त्याच मालकाकडे राहणे हे त्याचे मोल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने प्रदेशाची रेषा पुसली, आणि दहाहून कमी माणसांच्या आस्थापनेला मालक व बहुसंख्य कामगार ह्यांच्या संमतीने स्वेच्छेने योजनेत येण्याची वाट दिली. धोक्याच्या व्यवसायात एकच माणूस असला तरी योजना लागू करता येते. हंगामी कारखाना मात्र ह्या संहितेतही सामान्य नियमाबाहेरच ठेवला आहे. १९४८ च्या चार रेषांपैकी यंत्रशक्तीची व प्रदेशाची ह्या दोन गेल्या. संख्येची सैल झाली. कापसाच्या मुलखाला सर्वांत अधिक लागणारी तेवढी उरली.

ह्यावरून असे दिसते की कायद्याने लहान मालकाला वर्गणीपासून वाचविले, पण ज्या संरक्षणासाठी वर्गणी असते त्यापासूनही त्याला दूर ठेवले. स्वेच्छेची तरतूद ही उणीव भरून काढील काय, हे रुग्णालयाच्या अंतरावर अवलंबून राहील. मुंबईत खाजगी विमा-वैद्यांच्या नामिकेमुळे उपचार कामगाराच्या वस्तीत पोहोचले. फाट्यावरच्या मालकाने भरलेल्या वर्गणीचा उपचार सेलूत वा जिंतुरात मिळू लागला, तरच ती वर्गणी त्याला कर न वाटता विमा वाटेल.