एका राज्यात निवडलेली, दुसऱ्या राज्यात संपलेली विधानसभा

1957 साल. थंडी सरत आलीय आणि तुम्ही पालघरजवळच्या मुरब्याच्या किनाऱ्यावर उभे आहात. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास नाकात बसलाय. खाडीपल्याड सातपाटी. तिथं शिडाच्या होड्यांना इंजिनं बसू लागलीत, त्यामुळे इथल्या तांडेलांच्या तोंडी दुसरा विषय नाही. तारापूरच्या दिशेनं कितीही पाहिलंत तरी धुरांडं दिसणार नाही. अणुवीज केंद्र सुरू व्हायला 1969 उजाडेल. जिल्हा ठाणे, राज्य मुंबई. त्या राज्यात कच्छपासून चांद्यापर्यंत सगळे एकाच दावणीला बांधलेले.

आज मतदान आहे. एकवीस पूर्ण झालेत ना? नसतील तर बाहेरच थांबा, अठराची मुभा अजून तीस-बत्तीस वर्षं लांब आहे. पडद्याआड गेल्यावर मतपत्रिकेवर नावं शोधू नका, ती छापलेलीच नाहीत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. आपल्या माणसाच्या पेटीत कागद सोडायचा, झालं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी ही सोय मला तरी शहाणपणाची वाटते.

निकाल लागतो. वेगळं मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला लोळवलंय. पण 396 जणांच्या सभागृहात काँग्रेसचे 234 आहेत, कारण गुजरात आणि विदर्भ-मराठवाड्यानं तिला हात दिलाय. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. ज्या मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्यावर मराठी माणूस चिडलाय, तेच चालवून दाखवायचं त्यांच्या नशिबी आलंय.

आता पालघरला गाडी पकडा. विरारपर्यंत वाफेचं इंजिन, म्हणजे डोळ्यांत कोळशाचे कण जाणारच. मुंबईत विधानसभा भरते तो अपोलो बंदराजवळचा कौन्सिल हॉल गाठा. एके काळी इथं खलाशांचं वसतिगृह होतं, पुढं पोलीस मुख्यालय होईल. प्रेक्षक गॅलरीत शिरताना मात्र वर्ष बदला, मार्च 1960 घ्या. अध्यक्षांच्या खुर्चीत सयाजी सिलम. विरोधी बाकांवर दादरहून आलेले आचार्य अत्रे, पुण्याचे एस. एम. जोशी, उस्मानाबादचे उद्धवराव पाटील. समोर राज्याच्या विभाजनाचं विधेयक. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार सभागृहानं फक्त मत द्यायचं, निर्णय संसदेचा. म्हणजे ज्यांचं घर दुभंगणार, त्यांना सल्ला देण्यापुरताच अधिकार.

मुरब्याहून आला आहात, तर उंबरगावचा विषय कान देऊन ऐका. हा तालुका तुमच्याच ठाणे जिल्ह्यातला. त्यातली 47 गावं आणि 3 शहरं गुजरातच्या सुरत जिल्ह्यात जाणार. उरलेली 27 गावं आधी डहाणूत आणि 1961 मध्ये तलासरी महालात. गावात कोणती बोली बोलतात, यावर किनाऱ्यावरच्या गावाचा निकाल कसा लावणार? मांगेला मच्छीमारांची होडी डहाणूला लागते तशी उंबरगावलाही लागते.

1 मे 1960. शिवाजी पार्कची रोषणाई, मंगल कलश हे सगळं तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलंय, म्हणून त्यात रेंगाळत नाही. विधानसभेचं गणित जास्त मजेशीर आहे. नव्यानं निवडणूक झालीच नाही. 132 आमदार उठून अहमदाबादला गेले आणि गुजरातची विधानसभा झाले. 264 जागच्या जागी बसले आणि महाराष्ट्राची झाले. मुंबई राज्यासाठी निवडून दिलेला आमदार त्याच मतावर वेगळ्याच राज्यात बसला.

आता गॅलरीत तुमच्याशिवाय फारसं कुणी नाही. घोषणा संपल्यात, कलमावर कलम वाचलं जातंय. तुम्हालाही डुलकी येतेय. उठू नका, कारण या विधानसभेचं खरं काम हेच. राज्याच्या विभाजनाआधी तिनं 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम केला होता. आता सहकारी संस्था अधिनियम, 1960 चा मत्स्यव्यवसाय अधिनियम, शेतजमीन कमाल धारणा, मग 1961 चे दोन मोठे कायदे: एक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा, दुसरा औद्योगिक विकासाचा. या शेवटच्यातून एमआयडीसी जन्मली आणि पुढं तारापूरची वसाहतही. मच्छीमारांच्या सोसायटीची नोंदणी एका कायद्याखाली आणि खाडीत सांडपाणी सोडल्याचा आरोप ज्या कारखान्यांवर होतो त्यांच्या जमिनीचं वाटप दुसऱ्या कायद्याखाली. दोन्हींना हात वर झाले ते एकाच सभागृहात, थोड्याच काळाच्या अंतरानं. सीमेवर घसा बसेस्तोवर बोललेल्यांनी औद्योगिक विकासाच्या कलमांवर तेवढाच वेळ घालवला असता तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे.

1962 च्या निवडणुकीत काँग्रेसला 264 पैकी 215 जागा मिळाल्या. राज्य मिळालं आणि समितीच्या हातातला मुद्दाच गेला.

आज मुरब्यासमोर प्रस्तावित बंदराचा वाद आहे आणि मच्छीमार विरोधात उभे आहेत. पुढच्या ग्रामसभेला बसाल, तेव्हा तिला अधिकार देणारा 1958 चा कायदा सोबत घेऊन बसा. तो वाचून गेलात तर अधिकाऱ्यांना उत्तर देणं सोपं जाईल.