स्वप्नातील जाग : एका शाळकरी वहीचा इतिहास

स्वप्न पाहत असता 'हे स्वप्न आहे' असे आपणांस सहसा कळत नाही. मेलेला माणूस भेटतो, परीक्षेस उशीर होतो, घराच्या परसात समुद्र लागतो. पण त्या वेळी कशाचेच नवल वाटत नाही. नवल वाटते ते जागे झाल्यावर. परंतु क्वचित असेही घडते की, स्वप्न चालू असतानाच 'आपण निजलो आहोत व हे सारे स्वप्न आहे' अशी जाणीव होते आणि तरीही झोप मोडत नाही. झोपलेल्या माणसाच्या ठिकाणी अशी जाणीव असू शकते, ही गोष्ट ॲरिस्टॉटलनेही नमूद करून ठेविली आहे. इंग्रजीत अशा स्वप्नास 'ल्युसिड ड्रीम' म्हणतात. आम्ही त्यास 'सजग स्वप्न' म्हणू. ही जाग काही थोड्यांनाच लाभणारी देणगी आहे, की प्रयत्नाने येणारी विद्या आहे, असा प्रश्न आहे. त्याचे उत्तर इतिहासात सापडते, व ते एका तेरा वर्षांच्या मुलाच्या वहीत आहे.

स्वप्नाचा विचार आपल्याकडे नवा नाही. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न व सुषुप्ती यांच्या पलीकडे चौथी अवस्था मानली. तिबेटातील बौद्ध परंपरेत, अकराव्या शतकातील नारोपाच्या नावाने चालत आलेल्या सहा योगांत, स्वप्नात सावध राहण्याची साधना आहे. महाराष्ट्रात तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात उपदेश केला आणि बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला, ही परंपरा प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. परंतु येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. संतांचे स्वप्न हा प्रसाद होता. तो मिळावयाचा, तपासावयाचा नव्हे. तिबेटी साधकाचे स्वप्न ही मुक्तीची वाट होती. स्वप्नाकडे केवळ कुतूहलाने पाहून त्याची रोज नोंद ठेवावी, ही दृष्टी निराळी आहे, आणि आम्ही जिच्याविषयी लिहीत आहो ती हीच.

मार्क्विस दर्वे द सँ-दनी हा फ्रेंच गृहस्थ १८२२ साली जन्मला. पुढे तो चिनी भाषेचा विद्वान म्हणून नावारूपास आला. थांग काळातील चिनी कवितांची त्याची भाषांतरे १८६२ साली निघाली आणि १८७४ साली 'कोलेज द फ्रान्स' या विख्यात संस्थेत तो चिनीचा प्राध्यापक झाला. लहानपणी त्याचे शिक्षण घरीच झाले. सोबतीस विद्यार्थी नव्हते; धडा लवकर आटोपला की उरलेला वेळ तो चित्रे काढण्यात घालवी. एके दिवशी त्याच्या मनात आले की, आपल्याला पडलेले एक चमत्कारिक स्वप्नच रेखाटावे. ते चित्र त्यास आवडले आणि त्याने स्वप्नांसाठी निराळी वही घातली. चित्रे काढावी, रंगवावी, शेजारी मजकूर लिहावा, असा त्याचा नेम झाला. अशा बावीस वह्या भरल्या. त्यांत १,९४६ रात्रींची, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळाची, नोंद होती.

या नेमाचे फळ त्याने अपेक्षिले नव्हते. दिवसा स्वप्नांचा विचार करण्याची मनास सवय लागली आणि ती सवय स्वप्नातही शिरली. वहीच्या २०७ व्या रात्री, म्हणजे जवळजवळ सात महिन्यांनी, 'मी स्वप्न पाहत आहे' हे त्यास स्वप्नातच प्रथम कळले. त्यानंतर सहा महिन्यांनी पाचांपैकी दोन रात्री अशी जाणीव राहू लागली, वर्षाअखेर चारांपैकी तीन, आणि पंधरा महिन्यांनी जवळजवळ दररोज. आम्हां शिक्षकांस हे आकडे बोलके वाटले पाहिजेत. सराव करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याची प्रगती याच रीतीने होते : आरंभी दीर्घकाळ काहीच नाही, मग एकदम एक पायरी, आणि पुढे सातत्य.

जाणीव आल्यावर त्याने प्रयोग आरंभिले. भयंकर राक्षस पाठीस लागले आहेत व आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत आहो, असे स्वप्न त्यास वारंवार पडे. एकदा त्या स्वप्नातच भान येऊन तो थांबला, भिंतीस पाठ टेकली आणि राक्षसाकडे निरखून पाहू लागला. पाहता पाहता त्या भयाच्या चिंध्या झाल्या. दुसऱ्या एका स्वप्नात त्याने आपल्या मृत्यूचा अनुभव घ्यावा म्हणून उंच घराच्या खिडकीतून उडी टाकली. तोच दृश्य पालटले आणि वरून पडून मेलेल्या कोणा माणसाभोवती जमलेल्या गर्दीत आपण उभे आहो, असे त्यास दिसले. जे स्मृतीत नाही ते स्वप्न देऊ शकत नाही, हा त्याचा सिद्धान्त यातून दृढ झाला. विवारे प्रांतातील मुक्कामात त्याने एक विशिष्ट अत्तर रुमालावर सतत वापरले व घरी परतल्यावर कुपी बंद करून ठेविली. काही महिन्यांनी, कोणत्या रात्री ते न कळविता, नोकराने उशीवर त्याचे थेंब टाकावे अशी व्यवस्था केली. ज्या रात्री थेंब पडले त्या रात्री त्यास विवारेचे डोंगर दिसले.

हे सर्व त्याने १८६७ साली पॅरिसमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, परंतु ग्रंथावर आपले नाव घातले नाही. त्या काळचा स्वप्नविषयक अधिकारी आल्फ्रेद मोरी याचा १८६१ चा ग्रंथ स्वप्नात इच्छा व अवधान यांना फारसे स्थान देत नव्हता. पुढे फ्रॉइडने आपला स्वप्नावरील ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यास या पुस्तकाची प्रतही मिळाली नाही. 'ल्युसिड ड्रीम' ही संज्ञा रूढ केली ती फ्रेडरिक फान एडन या डच वैद्य-साहित्यिकाने, १९१३ सालच्या निबंधात. १८९८ ते १९१२ या अवधीतील आपली ३५२ सजग स्वप्ने त्याने मोजली होती. रवींद्रनाथांच्या गीतांजलीचा डच अनुवाद करणारा तो हाच गृहस्थ.

पण आक्षेप उरलाच होता : निजलेल्या माणसाच्या एकट्या साक्षीवर विश्वास कसा ठेवावा? उत्तर मिळण्यास शतक उलटले. झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होण्याची अवस्था असते, हे १९५३ साली शिकागोच्या ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखविले. त्या अवस्थेत शरीराचे स्नायू शिथिल असतात, पण डोळे मोकळे असतात. यावरून इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी युक्ती योजिली. एप्रिल १९७५ मध्ये ॲलन वर्स्ले या स्वप्नाभ्यासकाने, झोपेत असतानाच, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली व यंत्राने ती टिपली. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे स्टीव्हन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध करून १९८१ साली प्रसिद्ध केले. २०२१ साली चार देशांतील प्रयोगशाळांनी निद्रिस्तांस साधी गणिते घातली. आठातून सहा वजा करावयास सांगता एकाने डोळ्यांनी दोन अशी खूण केली. बरोबर उत्तरे शेकडा अठराच्या सुमारास आली, परंतु ती आली, हे महत्त्वाचे.

नव्याने आरंभ करणाऱ्याने काय करावे, ते या इतिहासातूनच निघते. उशाशी वही असावी. जाग येताच न हालता स्वप्न आठवावे व लगेच लिहावे. दिवसातून काही वेळा थांबून 'हे स्वप्न तर नव्हे?' असे खरेपणाने स्वतःस विचारावे. एखादी लिहिलेली ओळ दोनदा वाचून पाहावी, कारण स्वप्नात अक्षरे बहुधा बदलतात. पहाटे स्वप्नातून जाग आली तर ते स्वप्न मनात घोळवून 'पुन्हा स्वप्न पडेल तेव्हा मी ते ओळखीन' असा संकल्प करून निजावे; ही लाबर्ज यांची रीत. मात्र झोपेचे खोबरे करून हा उद्योग करू नये, आणि ज्यांचे मन आधीच अस्वस्थ आहे त्यांनी याच्या वाटेस न जाणे बरे.

आम्ही स्वतः एका उन्हाळी सुटीत चाळीस दिवस अशी वही ठेविली. पहिल्या आठवड्यात पाने कोरी राहिली. अखेरीस एका रात्रीची तीन-तीन स्वप्ने आठवू लागली. स्वप्नात जाग काही आली नाही. पण २०७ रात्रींपुढे चाळीस म्हणजे काय!

त्या वहीने आमची निराळी झोप मात्र मोडली. तीस वर्षांच्या अध्यापनात विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर आम्ही किती चित्रे पाहिली आणि किती चित्रांवर लाल शाईची रेघ ओढली, त्याचा हिशेब नाही. मार्क्विसचा धडाही लवकरच संपत असे व तोही चित्रेच काढीत असे. त्याच्या वहीवर तशी रेघ कोणी ओढली नाही, एवढेच. आता वह्या तपासताना शेवटचे पान आम्ही मुद्दाम उघडून पाहतो, आणि पेनास टोपण लावतो.