गडावरची भाकरी, पेठेतला चहा

मराठीत ‘हॉटेल’ या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे, तो साहेबाच्या कोशात सापडणार नाही. आपल्या हॉटेलात कुणी झोपत नाही. तिथे चहा, भजी, मिसळ मिळते. मुक्कामाला लॉज, आणि पोटभर जेवायला खानावळ. मोठ्या शहरात ‘चांगले’ हॉटेल कसे हुडकावे यावर हल्ली पुष्कळ लिहिले जाते. कुठल्या गल्लीतला तांबडा रस्सा खरा, कुठला नुसताच लाल, यावर कोल्हापुरात मैत्री तुटल्याची उदाहरणे आहेत. मुंबईत 2004 साली ताजमध्ये ‘वासाबी’ उघडले तेव्हा सुशी नवलाची होती. आता ती पुण्यातही घरपोच येते. (एकोणिसाव्या शतकातल्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हीच सुशी रस्त्यावरच्या टपरीवर उभ्याउभ्या खाल्ली जाई, हे महागड्या थाळीपुढे बसलेल्याने विसरू नये.) या सगळ्या लेखनात चवीची चर्चा असते, दराची असते. दारातून आत कोण जाऊ शकत होते, हा प्रश्न मात्र क्वचित येतो. आम्हाला तो पन्हाळ्यावर सुचला.

पन्हाळा हा मुळात धान्याचा गड. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून तो नांदता आहे, आणि त्यावरची सर्वांत भव्य वास्तू राजवाडा नसून अंबरखाना आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशी नद्यांची नावे दिलेल्या तीन कोठारांपैकी एकट्या गंगेत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. वरी, नागली, भात. 1660 साली सिद्दी जौहरने चार महिन्यांहून अधिक काळ वेढा घातला. त्या वेढ्याच्या कथेत आपण आषाढातली पावसाळी रात्र, शिवा काशीद आणि बाजीप्रभू एवढेच आठवतो, आणि ते आठवावेच. पण त्या चार महिन्यांत गडावर रोज जाती फिरत होती, चुली पेटत होत्या. त्या दळणाऱ्या हातांची नोंद आपल्या इतिहासलेखनाने घेतली नाही. कोठाराची खंडी मोजली, भाकऱ्या मोजल्या नाहीत.

1782 साली करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्याहून खाली कोल्हापुरास आली. कचेऱ्या, पेठा, पुढे शाळा आणि रेल्वे वाढत गेली, तसा परगावचा माणूस शहरात येऊ लागला, आणि त्याच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न भुकेचा जेवढा, त्याहून अधिक पंक्तीचा होता. खानावळीही जातींच्या. शाहू महाराजांनी 1901 पासून वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली, त्यांकडे आपण शिक्षणकार्य म्हणून पाहतो. ते खरेच आहे. पण खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी दोन वेळचे ताट लागते, आणि ते वाढणारे कुणी नव्हते, हेही तितकेच खरे.

चहाचे प्रकरण तर आणखी नाजूक. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. हजर असलेल्यांत टिळक आणि रानडे होते. नावे जाहीर झाली, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, आणि शेवटी प्रायश्चित्ते घ्यावी लागली. महाराष्ट्राच्या बुद्धिमंतांना एक पेला चहा असा महागात पडला.

आता कोल्हापूर पाहा. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना चाकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला लावले. महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. स्वच्छता होती, चहा चांगला होता; गिऱ्हाईक मात्र फिरकेना. मग महाराजांनी आपली गाडी त्या दारात थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा घ्यायचा, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यायला लावायचा. नाही म्हणण्याची सोय कुणाला असणार?

या प्रसंगाची हकिकत अनेकदा गोड करून सांगितली जाते. आम्हाला त्यातला हिशेबी भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. 1919 मध्ये महाराजांनी विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने येथे शिवाशिव पाळण्यास हुकमाने बंदी घातली. परंतु खासगी हॉटेलात कुणी कुणाच्या हातचे प्यावे, हे हुकमाने साधणारे नव्हते. तिथे उदाहरणच घालून द्यावे लागते, तेही एकदा नव्हे, वारंवार. पुण्यात चहा घेतल्याबद्दल प्रायश्चित्त होते; इथे राजाच्या गाडीतून उतरलेल्या माणसाला चहा न घेण्याचा संकोच वाटू लागला. दोन्ही घटनांत अंतर जेमतेम तीस वर्षांचे.

26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. एवढ्या गंभीर दस्तऐवजात उपाहारगृह कशाला, असे ज्याला वाटेल त्याने भाऊसिंगजी रोड आठवावा.

आज पन्हाळ्यावर गेलेला प्रवासी तीन दरवाजा किंवा सज्जाकोठी पाहून झाली की झुणका-भाकरीकडे वळतो. सोबत खर्डा, दही, फोडलेला कांदा. बहुधा आसपासच्या बायाच या भाकऱ्या थापतात. 1995 साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली, ती पुढे गुंडाळली गेली. गडावरची भाकरी मात्र कोणत्याही योजनेवाचून चालू आहे. 2025 च्या जुलैत मराठा लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांत पन्हाळ्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आले. आता पाट्या लागतील, आराखडे होतील, शिस्तीच्या नावाखाली चुली हलवण्याचे प्रस्तावही येतील. बुरुजांचे जतन व्हावेच, पण ज्या गडाने दळणाऱ्या हातांची नोंद एकदा हरवली, त्याने ती दुसऱ्यांदा हरवू नये असे आम्हाला वाटते.

आणि गंगाराम कांबळे? 1922 मध्ये महाराज गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1925 साली, नर्सरी बागेत महाराजांचे पहिले स्मारक उभे राहिले. ते उभारण्यात पुढाकार या हॉटेलवाल्याचा होता.