अजब बंगला आणि छोटी गाडी

नागपुरात 'मध्यवर्ती संग्रहालय' असं विचारलं तर माणूस क्षणभर थांबतो. 'अजब बंगला' म्हटलं की लगेच रस्ता दाखवतो. १८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाला लोकांनी नाव दिलं ते बघून वाटलेल्या नवलावरून. पेंढा भरलेले प्राणी, शस्त्रं, मूर्ती, ताम्रपट, सगळं एका छपराखाली. अजबच की!

पण संग्रहालय म्हणजे आपल्याकडे नवलासोबत नियमही आले. हळू बोला, हात लावू नका, पुढे चला. माझा भाचा स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिस्टिक. बंद दालनात घुमणारा आवाज त्याला सोसत नाही, आणि 'पुढे चला' तर मुळीच नाही. त्याला एकाच वस्तूपाशी अर्धा तास हवा असतो. बघणारे म्हणतात, "याला काय कळणार यातलं?"

म्हणून आम्ही इतवारीची मंडळी त्याला मोतीबागेच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात नेतो. ते २००२ साली सुरू झालं. मोठ्या वस्तू उघड्यावर आहेत, इंजिनाभोवती कितीही फेऱ्या मारा. चाकं मोजून झाली की तो पुन्हा पहिल्या चाकापासून सुरू करतो.

या गाड्यांचा आणि इतवारीचा संबंध जुना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने अडीच फुटी रूळ टाकून सातपुड्यातली गावं नागपूरच्या बाजारपेठेला जोडली. इतवारी स्टेशनवरून एक गाडी छिंदवाड्याला जायची, दुसरी उमरेड-भिवापूर करत नागभीडला. वेग बेताचाच, पण जंगलातल्या माणसाला दवाखाना, कोर्ट, लग्नाचा बस्ता, सगळ्यासाठी तीच. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली, नागभीडची २०१९ साली. मोठ्या रुळांसाठी ते करणं भाग होतं.

भाच्याचा जन्म त्यानंतरचा. तो या गाडीत कधी बसलेला नाही. तरी सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, उमरानाला हा क्रम त्याला तोंडपाठ आहे. इंजिनापाशी उभा राहून म्हणतो. मागच्या खेपेला एक आजोबा ऐकत थांबले. सौंसरचे होते. "बरोबर आहे बाळा," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले. भाच्याने वर पाहिलं नाही. तो पुन्हा सावनेरपासून सुरू झाला.

आपल्या देशात १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६च्या कायद्याने अशा मुलांचा सांस्कृतिक जीवनावरचा हक्कही मान्य केला. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने अशा कुटुंबांसाठी गर्दीआधी दार उघडण्याची सोय केली. त्याला खर्च फार नाही. आठवड्यातली एक शांत सकाळ, बसायला एक कोपरा आणि 'पुढे चला' न म्हणणारा एक माणूस.

तोवर आपणच थोडं करू या. सुटीचा दिवस टाळावा, एका खेपेला एकच वस्तू बघावी, मूल निघू म्हणालं की निघावं. सगळं बघितलंच पाहिजे असं थोडंच आहे? बंद पडलेल्या गाडीची स्टेशनं आज किती नागपूरकरांना क्रमाने सांगता येतील? आमच्या घरात एकाला येतात.