पंच, फासे आणि रेंगाळलेला डाव : रोलप्लेइंग खेळाच्या जन्माची कथा

१/८
'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'सारखा रोलप्लेइंग खेळ चालवणाऱ्यापुढे एक प्रश्न कायम असतो : खेळाडूंचे मन डावात गुंतवून कसे ठेवावे? हा प्रश्न त्या खेळाहूनही जुना आहे. त्याचे मूळ प्रशियाच्या सैन्यात सापडते.

२/८
१८२४ साली गेओर्ग फॉन राइसविट्झ या तरुण प्रशियन अधिकाऱ्याने वडिलांच्या कल्पनेला नवे रूप देऊन 'क्रीगश्पील' या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशा, सोंगट्या, फासे आणि दोन्ही पक्षांमध्ये पंच. खेळाडू लेखी हुकूम देत. रणांगणावर जेवढे दिसू शकेल तेवढेच पंच त्यांना दाखवी.

३/८
पुढे नियम वाढले, तक्ते वाढले. प्रत्येक चकमकीला फासे टाका, तक्ता पाहा, आकडेमोड करा! डाव रेंगाळू लागला आणि अधिकाऱ्यांचा उत्साह ओसरला.

४/८
१८७६ मध्ये युलियस फॉन फेर्डी दु व्हर्नुआ यांनी धाडसी उपाय मांडला : तक्ते व फासे बाजूला सारा, निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवा. खेळ वेगवान झाला. पण त्याची सारी भिस्त आता पंचाच्या निःपक्षपातीपणावर आली.

५/८
१८८०च्या सुमारास अमेरिकन अधिकारी चार्ल्स टॉटन यांनी 'स्ट्रॅटेगोस' हा युद्धखेळ सिद्ध केला. त्यातही पंचाला मोठे अधिकार होते. जवळजवळ नव्वद वर्षांनी हे पुस्तक मिनेसोटातील डेव्हिड वेसली या युद्धखेळप्रेमी तरुणाच्या हाती लागले.

६/८
१९६९ साली वेसली यांनी ब्राउनश्टाइन या काल्पनिक जर्मन गावात नेपोलियनकालीन डाव मांडला. सेनापती दोनच, मग उरलेल्या खेळाडूंनी काय करावे? वेसली यांनी कोणाला नगराध्यक्ष केले, कोणाला सावकार, आणि प्रत्येकाला स्वतंत्र उद्दिष्ट दिले. लढाई सुरू होण्यापूर्वीच खेळाडू आपापसांत कट रचू लागले. दोघांनी तर परस्परांना द्वंद्वाचे आव्हान दिले! त्यासाठी नियमच नव्हता. वेसली यांना तो जागच्या जागी घडवावा लागला.

७/८
योजलेली लढाई झालीच नाही. वेसली यांच्या लेखी प्रयोग फसला होता. खेळाडू मात्र पुन्हा तसाच डाव मागू लागले. याच मंडळीतील डेव्ह आर्नेसन यांनी पुढे 'ब्लॅकमूर' हे अद्भुतरम्य जग उभे केले. ते पाहून गॅरी गायगॅक्स त्यांच्यासोबत आले आणि १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १०००.

८/८
प्रशियात डाव कंटाळवाणा झाला, कारण निर्णय आणि परिणाम यांच्यामध्ये आकडेमोडीची भिंत उभी राहिली. ब्राउनश्टाइनमध्ये तो रंगला, कारण प्रत्येकाच्या हाती स्वतःचा निर्णय होता आणि पंच त्याचा परिणाम तत्काळ दाखवीत होता. आज डाव चालवताना खेळाडू आपण योजलेल्या कथानकाबाहेर पडले, तर त्यांना लगेच मागे ओढू नये. वेसली यांनी त्या दिवशी द्वंद्व नाकारले असते, तर कदाचित हा खेळप्रकार त्या गावाच्या वेशीबाहेर पडलाच नसता.